भीमा-घोडकाठचा शेतकरी वाडा : मूळ किती, बदल किती

मांडवगण फराट्याच्या पट्ट्यात, म्हणजे भीमा आणि घोड या दोन नद्यांमधल्या शिरूर तालुक्याच्या पूर्व कोपऱ्यात, जुन्या वाड्याचे वय विचारले तर उत्तर ठरलेले असते : तीनशे-चारशे वर्षे. सांगणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसतो. घराण्याचे वय तो घराला लावतो, एवढेच. घराणे तेवढे जुने असेल, जागाही तीच असेल. पण ज्या भिंतीला टेकून तो बोलतो ती आजोबांच्या हातची, वरचा पत्रा वडिलांनी टाकलेला आणि शेजारचा दरवाजा वाटणी झाल्यावर भिंत फोडून काढलेला असतो. मग वाडा कोणत्या सालचा म्हणायचा?

आपल्याकडे वाड्यांवर लिहिणारे बहुतेक जण या प्रश्नाला बगल देतात. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, सासवडचा पुरंदऱ्यांचा वाडा, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा ही त्यांची मुक्कामाची ठिकाणे. म. श्री. माटे यांनी मराठा वास्तुशैलीवर १९५९ साली पुस्तक लिहिले, त्याला आता सहा दशके उलटली. पुढच्या लेखनाने त्यात भर घातली, पण ती मुख्यतः सरदार, पेशवे आणि सावकार यांच्याच वास्तूंची. ज्याच्या दारात बैल होते, ज्याच्या माजघराला लागून गोठा होता आणि ज्याचे घर दर पिढीला थोडे मोडत, थोडे वाढत गेले, त्या पाटील-कुणब्याच्या वाड्याकडे फिरकायला कोणाला सवड झाली नाही. कारण सरळ आहे. त्या घरात ‘मूळ’ असे फार थोडे सापडते, आणि मूळ सापडले नाही की आपला अभ्यासक हिरमुसतो.

इंग्लंडमध्ये अशाच घरांवर एक अख्खी अभ्यासशाखा उभी राहिली. तिथले जुने शेतघर म्हणजे सुरुवातीला छतापर्यंत उघडे असलेले एकच मोठे दालन, मधोमध पेटलेली आगटी आणि छपरातून वाट काढणारा धूर. पुढे त्यात धुराडे घुसले, धुराड्यामुळे वर माळा टाकता आला, माळ्यासाठी जिना आला, लाकडी सांगाड्याच्या बाहेर विटांची कातडी चढली. छपराच्या वाशांवर जुन्या धुराची काजळी अजून दिसते आणि तीच त्या उघड्या दालनाचा पुरावा ठरते. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ साली मांडले, की १५७० ते १६४० या काळात ग्रामीण इंग्लंडने आपली घरे सरसकट नव्याने बांधली. १९७७ मध्ये आर. मशिन यांनी त्याला हरकत घेतली : अशी एकच लाट नव्हती, प्रांतोप्रांती ती वेगवेगळ्या काळात आली. वाद कुठे मिटला याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. साध्या शेतकऱ्याच्या घरातली दुरुस्ती हा इतिहासाचा दस्तऐवज मानून विद्वान भांडले, हे घेण्यासारखे आहे. तसे भांडण आपल्याकडे व्हावे एवढी सामग्री शिरूर तालुक्याच्या आसपास नक्की आहे. ती विखुरलेली आहे. शेतीच्या, कर्जाच्या आणि उत्खननाच्या पुस्तकांत पडून आहे.

एक फरक मात्र आधीच सांगायला हवा. इंग्रजी शेतघर बहुधा आपल्या शेतात उभे असते. आपला शेतकरी शेतात राहत नव्हता. गाव पांढरीत, शेत काळीत. सकाळी बैल घेऊन जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. त्यामुळे घराला शेताचे बरेच काम पोटात घ्यावे लागे. धान्य, कडबा, जनावरे, अवजारे, बी-बियाणे हे सगळे गावठाणातल्या चार भिंतींच्या आत. वाड्याची बांधणी या एका गरजेतून समजते, आणि ही गरज संपल्यावर तो का मोडला हेही त्यातूनच समजते.

या पट्ट्यातला बरा वाडा साधारण असा असे. रस्त्याकडे जवळजवळ आंधळी भिंत. खाली माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत काळ्या दगडाचे घडीव थर, त्यावर ओबडधोबड दगड मातीत बसवलेले किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्या. भिंत दोन-अडीच फूट जाड, मोठ्या वाड्याची त्याहून जाड. तिच्यात एकच मोठा दरवाजा, त्याच्या एका फळीत वाकून जाण्यापुरती दिंडी, आणि आतून भिंतीच्या पोटात सरकणारा अडसर. दरवाज्याच्या आत देवडी किंवा ढेलज. मग चौक आणि चौकाभोवती सोपे. चारी बाजूंनी सोपे असले तर चौसोपी वाडा. पण बहुतेक कुणब्यांच्या घरांना दोन किंवा तीनच सोपे, उरलेली बाजू गोठ्याची. मागे माजघर, त्याच्या अंधाऱ्या कडेला देवघर आणि बाळंतिणीची खोली. भिंतीत कोनाडे, देवळ्या, फडताळे. धान्यासाठी भिंतीलगत बळद आणि जमिनीखाली पेव. मागच्या बाजूला परस, आड आणि परसदार.

या घराचे माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, साधारण पाच-सहा फुटांचे. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई. कर्ता माणूस पैसा आला की दोन खण वाढवी, अडचण आली की तेवढेच ठेवी. भार खांबांवर, भिंत आडोशाला : निदान बऱ्या बांधणीच्या घरात तरी. म्हणून भिंत पाडून पुन्हा उभी करता येते आणि छप्पर जागचे हलत नाही. एकाच वाड्यात तीन पिढ्यांच्या भिंती सापडतात त्या या सोयीमुळे. खांब आणि तळखडे मात्र बऱ्याचदा सगळ्यांत जुने. वाड्याचे वय पाहायचे तर भिंतीपेक्षा आधी खांब पाहावा, त्यातही खांबावरच्या निकामी खाचा पाहाव्यात. जिथे आज काहीच अडकत नाही तिथे खाच दिसली, तर एकतर तिथे पूर्वी दुसरी तुळई होती किंवा हा खांबच दुसऱ्या घरातून आला आहे. लाकूड इथे कधी वाया जात नसे. साग सह्याद्रीकडून आणावा लागे; गावचे म्हणजे बाभूळ आणि कडुनिंब. म्हणून मोडक्या वाड्याच्या तुळया पुढच्या वाड्यात जात आणि नव्या घरात जुने लाकूड सर्रास दिसते.

खरी गंमत छपरात आहे. मावळात पाऊस धो-धो, तिथे उतरते छप्पर. शिरूर-दौंडकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे माळवद. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर निरगुडी किंवा तरवडाचा पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर फूटभर पांढरी माती. ही माती पाणी लागले की घट्ट बसते आणि पाणी आत सोडत नाही. पण माळवद म्हणजे चाकरी. पावसाळ्याच्या तोंडावर वर चढून गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, नवी माती टाकून तुडवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. उजेडाला आणि चुलीच्या धुराला साणे. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे घालायला कोणीतरी धावायचे. शंभर वर्षे अशी माती पडत राहिली की छप्पर दीड-दोन फूट जाड होते आणि खालच्या तुळया वाकतात. इंग्रजी घराला काजळी जे सांगते ते आपल्याकडे माळवदाच्या थरांनी सांगितले असते. पण माळवद उतरवताना थर पाहायला कोण थांबतो? ती माती टोपल्यांनी शेतात जाते, खत म्हणून.

घरांचा हा इतिहास किती मागे नेता येतो? या एका बाबतीत मांडवगणचे नशीब थोर आहे. शेजारच्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दीड दशक उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे त्यातले प्रमुख. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशा नऊशे वर्षांच्या वस्तीत शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पहिल्या, माळवा काळातली घरे मोठी, आयताकृती, आतून पडदीने विभागलेली. कुडाच्या बुटक्या भिंती आणि वर गवती छप्पर. इसवी सनापूर्वी १४०० नंतरच्या जोर्वे काळातही घरे आयताकृतीच, पण ओळीने मांडलेली, मधे बोळ सोडलेले. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचे एक घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावाच्या प्रमुखाचे मानले गेले. कुंभार, सोनार, चुना भाजणारा हे कारागीर गावाच्या कडेला. आणि इसवी सनापूर्वी १००० नंतर, हवामान कोरडे होत गेले तशी, आयताकृती घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या.

हा शेवटचा टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. घर नेहमी चढत्या क्रमाने सुधारते, झोपडीचे घर, घराचा वाडा, वाड्याचा बंगला, हा आपला समज तीन हजार वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. लोक पाच खोल्यांतून गोल खोपटात गेले, कारण पाऊस गेला. इनामगावच्या खांबांच्या खड्ड्यांपासून आजच्या वाड्यांपर्यंत अखंड परंपरा जोडू पाहणारे उत्साही लोक भेटतात. मधल्या काळाचा पुरावा न पाहता तसे म्हणणे म्हणजे नुसता अभिमान. मात्र एवढे खरे, की कोठाराला घराचा अर्धा मान देणारा, कारागिराला कडेला आणि प्रमुखाला मध्यावर बसवणारा गावाचा आराखडा या मातीत तेव्हाही होता आणि परवापर्यंत होता.

चारशे वर्षांच्या वाड्याच्या गोष्टीला पहिली अडचण येते ती उत्तर पेशवाईत. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. त्या धामधुमीत पुण्याच्या पूर्वेकडची गावे लुटली गेली आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. माणसे परतल्यावर घरे दुरुस्त झाली, काही नव्याने झाली. म्हणून या पट्ट्यात अखंड उभा असलेला, १८०० च्या आधीचा शेतकरी वाडा कोणी दाखवला तर कागद मागावा. मोडी कागद असतात. पेशवे दफ्तरात, इनाम चौकशीच्या रुमालांत आणि घरोघरच्या ट्रंकांत. आंधळ्या भिंती आणि अडसर यांचा अर्थही या काळात नीट लागतो. पेंढाऱ्यांच्या भीतीत राहणारा माणूस रस्त्याकडे खिडकी ठेवत नाही.

त्यानंतरची पहिली पक्की नोंद १८२० च्या सुमाराची. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने लोणीकंद गावाची पाहणी केली : माणसे, जमीन, पिके, घरे, अगदी घरातली भांडीकुंडी आणि त्यांच्या किमतीसुद्धा. नगर रस्त्यावरचे हे गाव मांडवगणपासून फार दूर नाही. आणखी नशीब असे, की समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचे लोणीकंद पुन्हा तपासले आणि १९६० साली दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. मधल्या काळात हॅरल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातलेच जातेगाव बुद्रुक अभ्यासले. ते पुस्तक १९२१ चे. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा आणि पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ चे. एका तालुक्याच्या हाताशी शंभर वर्षांत इतकी निरीक्षणे क्वचित असतात. वास्तुकलेच्या किती विद्यार्थ्यांनी ती एका टेबलावर ठेवून वाचली, हा वेगळा प्रश्न.

आणि करडे. शिरूर तालुक्यातल्या या गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि घर ताब्यात घेऊन ते पाडायला काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. तो आजूबाजूच्या गावांत पसरला, आणि मे १८७५ मध्ये सुप्याला दंगलीचा भडका उडाला. दख्खनच्या दंग्यांचा इतिहास सगळे कर्जाच्या अंगाने वाचतात. तो घराच्या अंगानेही वाचावा. सावकाराने नुसते जप्त करून कुलूप का लावले नाही, पाडायला का घेतले? माझा तर्क असा, की उभ्या घराला गावात गिऱ्हाईक नसते, पण सागाच्या तुळया, चौकटी आणि घडीव दगड यांना असते. घर म्हणजे साठवलेले लाकूड, हे सावकाराला कळत होते. आणि देशमुखाचे घर खणाखणाने सुटताना पाहणे गावाला सहन झाले नाही, यातही आश्चर्य नाही.

लोहमार्गाने माल बदलला. १८६० ला पुणे-दौंड मार्ग सोलापूरला पोचला, १८७१ पर्यंत रायचूरला, आणि १८७८ ला दौंड-मनमाड फाटा सुरू झाला. सोलापूर-रायचूर मार्गावर शहाबाद. म्हणून शहाबादी फरशी दौंडला उतरू लागली आणि तिथून बैलगाडीने भीमेपलीकडे गेली. शेणाच्या जमिनी एकेक करून तिच्याखाली गेल्या. रंगूनचे लाकूड, गॅल्व्हनाइज्ड पत्रा, लोखंडी गर्डर आले. निकामी रुळाचा तुकडा तुळई म्हणून चढवलेला गोठा या भागात अजून पाहायला मिळतो. असा रूळ म्हणजे घरमालकाने नकळत लिहून ठेवलेली तारीखच. मंगलोरी कौलांचा बोलबाला मावळात आणि कोकणात. इथे माळवदाची जागा थेट पत्र्याने घेतली. पत्र्याने चाकरी संपवली, तुळयांवरचा भार उतरवला आणि वैशाखातली दुपार असह्य केली. गृहिणींच्या बाजूने पाहिले तर हा सौदा वाईट नव्हता. माळवदावरच्या मातीची चाकरी पुरुषांची असली, तरी खाली झरणारी माती, पडणारे विंचू आणि साण्यातून येणारे पाणी त्यांच्याच वाट्याला होते. वाड्यांवर हळहळणाऱ्या लेखांत ही बाजू येत नाही.

पण वाडा सगळ्यात जास्त बदलला तो मालाने नव्हे, वाटणीने.

भावकीची वाटणी झाली की जमिनीचे तुकडे मोजणीने पडतात. घराचे पडतात खणांनी. पूर्वेकडचे चार खण थोरल्याला, उत्तरेचे मधल्याला, गोठ्याची बाजू धाकट्याला, त्यात वर थोडी मोकळी जागा. माजघराचा निम्मा भाग एकाकडे, देवघर बहुधा थोरल्याकडे, आड सामाईक, दिंडी दरवाजा सामाईक. काही वर्षे चूल वेगळी आणि चौक एक असे चालते. मग चौकात कंबरेएवढी भिंत येते, ती डोक्याएवढी होते. रस्त्याकडच्या आंधळ्या भिंतीत प्रत्येक जण आपले दार फोडतो. सामाईक भागाची गत मात्र विचित्र होते. मोठ्या दरवाज्याची डागडुजी कोणीच करत नाही, कारण ती तिघांची. आणि तो पाडताही कोणाला येत नाही, कारण तोही तिघांचा. आतले सोपे नवे झाले, समोर जुना दरवाजा एकटा उभा आहे, असे दृश्य दिसते त्याचे कारण वारशाची जाण नव्हे, तिघांची सही मिळत नाही हे.

कायद्यानेही यात हात घातला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत हक्क दिला, पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस स्वतः करायला तयार होईपर्यंत तिला मागता येत नसे. तसे कलम २३ होते. २००५ च्या दुरुस्तीने ते वगळले. माहेरच्या वाड्यातल्या बहिणींच्या हक्कावर आजवर लिहिले गेले ते न्यायाच्या अंगाने, आणि ते योग्यच. वास्तूच्या अंगाने त्याचा अर्थ असा, की ज्या घरावर पूर्वी तीन सह्या लागत तिथे आता सात-आठ लागतात, आणि पडका वाडा आणखी काही वर्षे तसाच उभा राहतो.

दुसरा मोठा घाव पाण्याने घातला. विहिरींवर विजेचे पंप बसले, चिंचणीच्या घोड धरणाचे आणि पुढे चासकमानचे कालवे आले, नद्यांवर कोल्हापुरी बंधारे झाले, न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला, आणि ज्वारीच्या काळीत ऊस उभा राहिला. रात्रीची पाळी धरणाऱ्या माणसाला गावठाणात राहून भागत नाही. कुटुंबे मळ्यावर गेली. आधी पत्र्याची खोली, मग दोन खोल्या आणि पडवी, मग ऊसबिलाच्या पैशात स्लॅबचा बंगला. गावठाणातल्या वाड्यात आजी-आजोबा राहिले. ते गेल्यावर कुलूप. इंग्रजी अर्थाने शेतघर म्हणावे ते, शेतात उभे असलेले, आपल्याकडे असे अगदी अलीकडे जन्माला आले.

या वस्तीवरच्या घरांची पाहणी वाड्यांइतकीच व्हायला हवी, कारण तीही आता बदलू लागली आहेत. पहिल्या पिढीच्या बंगल्याला पुढे उघडी पडवी होती. उसात बिबट्या स्थिरावला. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात माणसांवर, लहान मुलांवर हल्ले झाले. आता पडव्यांना लोखंडी जाळ्या लागतात, गोठे बंदिस्त होतात, घराभोवती उंच भिंत आणि लोखंडी फाटक येते. पेंढाऱ्यांच्या भीतीने वाड्याला जी आंधळी भिंत दिली, ती बिबट्याच्या भीतीने बंगल्याला परत मिळाली.

बांधकामाच्या अंगाने लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला. किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, ती बहुतांशी जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड छपरांखाली. त्या टापूपासून शिरूर लांब आहे, पण घर तेच होते, आणि दूरदर्शनवर ते ढिगारे सगळ्यांनी पाहिले. पुढच्या तपासणीत जे दिसले ते मात्र गावापर्यंत पोचले नाही. भिंतीच्या दोन बाजूंना चांगले दगड आणि मधे नुसती भर, दोन्ही बाजूंना सांधणारा आरपार दगड नाही, अशा भिंती फुटल्या. जिथे खांब-तुळयांचा खणांचा सांगाडा नीट होता, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे मिळाली. म्हणजे दोष वाड्याच्या कल्पनेत नव्हता, बांधणीतल्या काटकसरीत होता. हे समजले असते तर माळवद हलके करून सांगाडा राखता आला असता. झाले उलटे : सांगाडा विकला आणि भिंती ठेवल्या.

सांगाडा विकला हे शब्दशः. जुन्या बाजारातले व्यापारी गावोगाव फिरून खांब, हस्त, चौकटी, दिंडी दरवाजे उचलतात. ते शहरातल्या हॉटेलांत आणि डोंगरउतारावरच्या फार्महाऊसमध्ये उभे राहतात. विकणाऱ्याला मिळालेल्या पैशात मुलाची फी भरली जाते, तेव्हा त्याला बोल लावण्याचा अधिकार निदान फार्महाऊसवाल्यांना नाही. उरलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा होतो. मातीत बसवलेली भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. सिमेंट ती सोडू देत नाही. ओल आत कोंडून सांध्यांतली माती सैल होते आणि पाच-सात पावसाळ्यांत भिंत पोट काढते. त्यावर ‘जुने बांधकाम, टिकत नाही’ असा शेरा मिळतो. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा स्वस्तात पडला असता. पण चुना मळणारा गवंडी आता शोधावा लागतो, आणि लोणाऱ्यांच्या भट्ट्या थंड झाल्याला काळ लोटला.

संरक्षणाचे काय? केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन्ही पुरातत्त्व कायदे स्मारकांसाठी आहेत. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, पुण्यात महापालिकेची यादी आहे. गावठाणातला शेतकरी वाडा यांतल्या कशातच बसत नाही. इंग्लंडात १९६८ च्या कायद्यापासून यादीतल्या घराचा आतला जिनासुद्धा परवानगीवाचून हलवता येत नाही. तसा कायदा इथे आणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. यादी होणार अशी कुणकुण लागली तर आठवड्यात पोकलेन येईल, आणि मालकाचे चुकले असेही म्हणता येणार नाही, कारण यादी त्याला छप्पर देणार नाही. रयत शिक्षण संस्थेची शाळा भरल्यामुळे खेड तालुक्यातला वाफगावचा होळकरांचा वाडा वापरात राहिला. वापरात असेल तेच टिकते. पण प्रत्येक वाड्याला शाळा मिळत नाही.

सरकारी नोंदीत हे घर कसे दिसते तेही पाहण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीत ते ‘दगड-मातीचे’ या खालच्या वर्गात, आणि वय वाढले म्हणून घसारा कापलेले. करापुरते ते ठीक. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. याचा आरंभीचा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्याच पुरंदर तालुक्यात, सोनोरी गावी झाला होता. आपल्या गावठाणांचा इतका तपशीलवार नकाशा पूर्वी कधी नव्हता. पण ड्रोनला वरून दिसतो तो पत्रा. त्याच्याखाली किती खण, कोणता खांब जुना, चौकातली भिंत कोणत्या वाटणीची, पेव कुठे बुजवले, हे त्याला दिसत नाही. ते आत जाऊन, मोजपट्टी लावून आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारूनच कळते. आजोबांना वाड्याची कीर्ती ठाऊक असते. कोणती खोली कधी फोडली, चूल कुठून कुठे गेली, हे आजीला ठाऊक असते.

तेव्हा मागणी मोठी नाही. वाडा पाडणाऱ्याने पाडावा. पण पाडण्याआधी खण मोजून एक आराखडा कागदावर उतरवावा, चारी भिंतींचे आणि खांबांच्या सांध्यांचे फोटो काढावेत, माळवद असेल तर एका कोपऱ्यात त्याचा उभा छेद पाहून थर लिहावेत, खोल्यांची जुनी नावे आणि वाटणीची साले नोंदवावीत, आणि या सगळ्याची एक प्रत मिळकत पत्रिकेसोबत ग्रामपंचायतीत ठेवावी. जुन्या सागाच्या वर्तुळांवरून पूर्वीच्या पावसाचा माग काढण्याचे काम पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत झालेले आहे; तुळईचा कापलेला तुकडा चुलीत घालण्याआधी अशा कोणाला दाखवता आला तर वयाचा वादही काही ठिकाणी मिटेल. पुण्याची वास्तुकला महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांना मोजणीला पाठवतात, आणि तेच ते पेशवेकालीन वाडे पुन्हा मोजले जातात. त्यांनी एक हिवाळा इकडे यावे. इनामगाव, तांदळी, वडगाव रासाई, नागरगाव आणि मांडवगण फराटा ही पाच गावठाणे एका सुगीत मोजून होण्यासारखी आहेत.